वेगळा वाडगा

बात्माआपानं मुलाचा वाडगा वेगळा काढला, आणि त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की आपल्या हातात होतं ते सगळं आपण केलं.

वाडगा साधाच होता. निळ्या कडेचा, एका बाजूला टवका उडालेला. तोक्तोसुननं त्यातच चहा प्यायचा, त्यातच रस्सा खायचा. खाणं झालं की आपा स्वतः तो उकळत्या पाण्यातून काढायची आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब, मिठाच्या पोत्यामागे पालथा घालायची. तिच्या आईनं तिला हे शिकवलं होतं आणि आईला शिकवलं होतं जुन्या सरकारच्या डॉक्टरांनी. क्षयवाल्याचं भांडं वेगळं. एवढं एक वाक्य आपाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यापुढचं डॉक्टर काय बोलले होते, ते आईनंही ऐकलं नव्हतं आणि लेकीनंही नाही.

त्यांच्या भाषेत तोक्तोसुन म्हणजे ‘थांबू दे’. त्याच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातूनच गेले, तेव्हा तिसऱ्याला हे नाव ठेवलं. नावाला जागून पोरगा थांबला, वाढला, लग्न करून बायकोला घेऊन मॉस्कोला इमारती बांधायला गेला. तिथे तळघरात डझनभर माणसं एकाला एक खेटून झोपायची. बायकोनं तिथेच दुसरा घरोबा केला. तान्ही असल्यापासून आपाकडेच असलेली त्यांची लेक मारल सहा वर्षांची झाली, तेव्हा बाप परत आला. आणला काय, तर एक बॅग आणि एक खोकला.

हिवाळाभर तो रोज सकाळी गावातल्या दवाखान्यात जायचा आणि सोनुनसमोर उभा राहून मूठभर गोळ्या गिळायचा. सोनुन म्हणजे तिथली नर्स. बाई उंच, बोलायला तुटक, आणि गोळी गिळल्यावर जीभ उचलून दाखवायला लावणारी. तोक्तोसुनला त्या गोळ्यांनी मळमळायचं, सांधे धरायचे, पण वसंत येईपर्यंत खोकला निम्म्यावर आला. नेमकं तेव्हाच कळप वर कुरणात न्यायची वेळ झाली.

“आपा, त्याला वर नेऊ नका,” सोनुन म्हणाली. “अजून निम्मं औषधसुद्धा झालेलं नाही.”

“तुझ्या औषधानं पोराची दशा काय झाली ती बघ आधी. लघवी बघितलीस त्याची? शेंदरी होते, शेंदरी!”

“तो गोळीचा रंग आहे. त्यानं काही होत नाही.”

“रंग म्हणे! माझी घोडी शेंदरी मुतली ना, तर मी तिला त्याच दिवशी कापून खाईन. रंग आहे म्हणत बसणार नाही.”

दवाखान्यात बसलेले सगळे हसले. सोनुन हसली नाही. तिनं उन्हाळ्याच्या गोळ्यांचा खोका पुढे ठेवला. “हे घ्या मग. पण एक दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडल्या, परत घेतल्या, परत सोडल्या, तर आतला जंतू शहाणा होतो. मग याच गोळ्या तो खडीसाखरेसारख्या चघळतो. आणि तंबूत हवा खेळती ठेवा. माथ्यावरचं तुंदुक उघडं राहू दे. त्याला एकट्याला झोपवा, पोरीला जवळ नको.”

“हवा?” आपानं गालावर हात ठेवला. “अगं बाई, वर हवा सोडून दुसरं आहे काय? तू सांगतेस ती हवा आम्ही तिथून पोत्यात भरून तुला पाठवू.”

परत हशा पिकला. चार माणसं आपल्या बाजूनं हसली की आपणच खरे असं वाटतं, तसं आपाला वाटलं. जाता जाता ती दारातून म्हणाली, “आणि भांडं मी वेगळंच ठेवते हो त्याचं. अडाणी समजू नकोस.”

सोनुननं काहीतरी उत्तर दिलं, पण आपा तोवर पायऱ्या उतरून गेली होती.

वर कुरणात हवा होतीच, खोटं कशाला बोला. डोळे फाटतील एवढं आभाळ आणि घोड्यांना उलथवेल असा वारा. म्हणूनच तर माणसं तंबू घट्ट बांधतात. लाकडी जाळीवर लोकरीचे जाड थर, त्यावर दोर, दाराला जड पडदा. वर माथ्यावर धूर जायला आणि उजेड यायला गोल भोक, ते तुंदुक. ऊन कललं की त्यावरचं लोकरी झाकण दोरीनं ओढून घ्यायचं, नाहीतर जूनमध्येसुद्धा अंथरुणावर बर्फ भुरभुरतो. ही दोरी ओढायचं काम घरातल्या सुनेचं. सून नव्हती, म्हणून ते मारलकडे आलं. पोरगी टाचा उंच करून दोरीला लोंबकळायची आणि झाकण बसलं की ओरडायची, “आपा, घर बंद झालं!” मग शेण्यांच्या शेकोटीची ऊब कोंडून राहायची आणि सगळे एकमेकांच्या उबेत झोपायचे. मारल बापाच्या कुशीत. इतकी वर्षं बाप नव्हता, आता मिळाला होता. तिला तिथून कोण उठवणार?

अख्ख्या डोंगरावर हवेचा पूर लोटत होता आणि ही माणसं तेवढी बंद डब्यात.

बात्माआपाच्या किमिझची कीर्ती मोठी. घोडीचं दूध तिच्यासारखं कोणी आंबवत नाही, असं शहरातले लोकही म्हणायचे. चामड्याच्या बुधल्याला ती आतून देवदाराची धुरी द्यायची, दूध रवीनं घुसळत राहायची, बोटानं चाखायची आणि पहिला वाडगा जमिनीला शिंपडायची. छातीनं अधू असलेले, रंग उडालेले शहरी पाहुणे दर उन्हाळ्यात तिच्याकडे येऊन राहायचे. दिवसभर गवतावर लोळायचं, वाडग्यामागून वाडगा किमिझ प्यायचं, आणि गाल लाल झाले की परत जायचं. जाताना ते आपाचा हात डोळ्यांना लावायचे. तेवढ्यासाठी तर ती जगत होती.

अशा घरात घोड्या दोहणाराच क्षयाचा, हे सांगायचं कोणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलं तर आपा सांगायची, “मॉस्कोची धूळ आहे छातीत. निघून जाईल.” पाहुण्यांच्या वाडग्यांत त्याचा वाडगा चुकून मिसळू नये म्हणून मात्र ती डोळ्यांत तेल घालून जपायची.

तोक्तोसुननं थोडे दिवस गोळ्या घेतल्या. एकदा सकाळी गोळ्या आणि किमिझ दोन्ही ओकून तो तंबूमागे बसला होता. आपा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

“एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बाळा. एक तर तिच्या गोळ्या, नाहीतर माझं दूध.”

“सोनुन जीव घेईल, आपा.”

“सोनुन खाली आहे. इथे मी आहे. दोन पोरं गमावून तुला ठेवलाय मी, ते काय मारायला?”

तो हसला. आईपुढे त्याचं कधी चाललंय! शिवाय खरं सांगायचं तर त्यालाही त्या गोळ्या नकोच होत्या. मग तो किमिझ पीत राहिला, आणि बघता बघता अंगाला लागलं. गाल भरले, खोकला गेला, घोड्यावर बसून तो पोरांसारखी शीळ घालायला लागला. आपा येईल त्या पाहुण्याला त्याच्याकडे बोट दाखवायची. “बघा माझ्या बुधल्याची करामत!”

अधूनमधून खोकल्याची उबळ आली की तो खोक्यातून दोन-चार दिवस गोळ्या घ्यायचा, बरं वाटलं की परत सोडून द्यायचा. शेजारच्या तंबूतला म्हातारा सापार एकदा छाती धरून आला, तेव्हा आपानं त्यातलीच एक पट्टी त्याच्या हातात ठेवली. “घ्या. एवढ्या महागाच्या वस्तू, वाया कशाला घालवायच्या?” सापारनं टोपी काढून तिला आशीर्वाद दिला.

कळप खाली उतरत असताना, नदी ओलांडायच्या जागी, तोक्तोसुन घोड्यावरून वाकला आणि पाण्यात लाल थुंकला. आधी आपाला वाटलं, यानं बोरं खाल्ली असतील. पण तिकडे बोरांचा मोसम केव्हाच सरला होता, आणि हे तिला दुसऱ्याच श्वासाला आठवलं.

तोक्तोसुनच्या थुंकीच्या तपासणीचा निकाल घेऊन सोनुन स्वतः घरी आली. आत येऊन बसली, पाव मोडून तोंडात घातला आणि कोणी चहा ओतायच्या आधीच बोलली. “जुनी औषधं आता लागू पडत नाहीत, आपा. त्यातली चांगली दोन्ही निकामी झाली. त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात ठेवावं लागेल, दुसरी औषधं द्यावी लागतील. लगेच.”

आपा चहा ओतायला लागली.

“आणि उन्हाळ्यात त्या तंबूत जे जे झोपले, त्या सगळ्यांना तपासायला हवं. पाहुणे कोण होते ते सांगा. आता जंतू असा आहे की ज्याला लागेल त्याला पहिल्याच दिवसापासून साधं औषध चालणार नाही. गावात पसरला तर मला आवरायचा नाही. पहिली मारल. कुठे आहे ती?”

“मावशीकडे गेलीय. पलीकडच्या खोऱ्यात.”

मारल गोठ्यात होती. आपानं सोनुनला फाटकातून येताना पाहिलं होतं आणि पोरीला वासरामागे बसवून तोंडावर बोट ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका पोराला असंच तपासणीसाठी शहरात नेलं, ते वर्षभर इस्पितळातच राहिलं आणि परत आलं तेव्हा आईला ओळखेना. आपाच्या घरात आता जे काही उरलं होतं ते म्हणजे मारल. तिला ती कोणाच्या हाती देणार नव्हती.

“कोणाला काही झालेलं नाही,” आपा म्हणाली. “मी वाडगा वेगळा ठेवत होते. एकानंही त्याचं उष्टं खाल्लेलं नाही. विचार कोणालाही.”

“आपा, हा रोग वाडग्यानं लागत नाही हो.” सोनुनचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला. “मी तेव्हाही दारात ओरडून सांगितलं होतं. वाडगा सगळ्यांचा एक असता तरी चाललं असतं. श्वासानं लागतो हा. तो खोकणार, आणि तुम्ही तुंदुक ओढून घेणार. रात्रभर तीच हवा सगळ्यांच्या छातीत.”

“माझ्या तंबूत माणसं बरी व्हायला येतात!” आपा ताडकन उठली. “आजारी पडायला नाही. जा तू. गावभर माझं नाव घेतलंस तर बघ.”

सोनुन उठली. दारात तिनं गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि फाटकाकडे निघाली.

इस्पितळात आत सोडत नव्हते. आपा खिडकीखाली उभी राहायची आणि तोक्तोसुन वर काचेमागे. औषधं नवी होती, चांगली होती म्हणे, पण ती पोचेपर्यंत एका बाजूचं फुप्फुस उन्हाळाभरात खाऊन झालं होतं. एक दिवस त्यानं खिडकी उघडली.

“आपा, मारलला दाखवलंस?”

“दाखवलं. बरी आहे. खिडकी लाव, वारा लागेल.”

“वारा लागू दे,” तो म्हणाला. “इथे रात्रभर उघडीच ठेवतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं. म्हटलं, आमच्या आपानं पाहिलं तर ओरडेल.” मग त्याला उबळ आली आणि तो खिडकीतून दिसेनासा झाला.

त्या आठवड्यातच, छातीतली एक शीर फुटून, तोक्तोसुन गेला. थांबू दे म्हणून नाव ठेवलेला तिसराही थांबला नाही.

माणूस गेला की अंगणात तंबू उभारतात, त्यात त्याला ठेवतात, आणि दफनापर्यंत बायका आत बसून त्याच्यासाठी शोक गातात. उन्हाळ्यात वर होता तोच तंबू शेजाऱ्यांनी अंगणात उभारला. उजव्या अंगाला पडदा लावून त्यामागे तोक्तोसुनला निजवलं. पुरुष बाहेर काठ्यांवर रेलून उभे राहिले, त्यांत सापारही होता आणि सारखा खोकत होता. बायका जाळीकडे तोंड करून बसल्या. गावच्या होत्या, पलीकडच्या खोऱ्यातल्या होत्या, उन्हाळ्यात येऊन राहिलेल्या दोन शहरी पाहुण्याही बातमी कळताच आल्या होत्या. सोनुन दाराजवळ बसली होती, हात मांडीवर ठेवून.

आपा मध्ये बसली आणि तिनं शोक धरला. शोकात मेलेल्याचे गुण गायचे असतात. तिनं गायले. त्याचं घोड्यावर बसणं, त्याची शीळ, त्याचं हसू. बायका मागून हुंदके देत होत्या. नोव्हेंबरचा गारठा वरून उतरत होता.

“तुंदुक ओढा गं कोणीतरी,” शेजारीण कुजबुजली. “पाय बधिर झाले.”

मारल आपाच्या मागे बसली होती. सोनुन येऊन गेल्यापासून आपा तिला गोठ्यातच लपवत होती, पण बापाला माती द्यायच्या दिवशी पोरीला तिथे कशी ठेवणार? ती चटकन उठली. हे तिचं काम होतं, साऱ्या उन्हाळ्याचं. टाचा उंच करून तिनं दोरीला हात घातला, सगळा भार टाकून ओढली, आणि झाकण सरकत भोकावर आलं. आत अंधारलं. हात वर ताणलेले असतानाच तिला खोकला आला. नाकातला, सर्दीचा नव्हे. कोरडा, खोल, दोनदा येऊन थांबणारा.

आपाचा सूर तुटला.

हा खोकला ती ओळखत होती. वसंतात तो भिंतीपलीकडून ऐकला होता, नदीकाठी ऐकला होता, खिडकीखाली उभं राहून ऐकला होता. गेले काही दिवस तो गोठ्यातूनही येत होता आणि आपा स्वतःला सांगत होती, वासरू खोकतंय.

बायकांना वाटलं, म्हातारीला भोवळ आली. एकीनं पाण्यासाठी हात पुढे केला. पण आपानं पुन्हा सूर लावला, आणि आता तो तिला स्वतःलाही ओळखू येईना. शोक चालू असताना मध्ये बोलायचं नाही, गाणारीला अडवायचं नाही, ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, अशी रीत आहे. आपानं त्या रीतीचा आसरा घेतला.

“थांब म्हटलं, थांबला गं,
आईच्या शब्दाला थांबला गं.
गोळ्या सोड म्हणाले मी,
दूध पी म्हणाले मी.
वाडगा त्याचा वेगळा गं,
श्वास सगळ्यांचा एक गं.
मॉस्कोची धूळ सांगितली,
धूळ नव्हती, क्षय होता.
माझ्या घरी निजलात ज्या,
माझं दूध प्यालात ज्या,
छाती आपली दाखवा गं,
लेकरं आपली दाखवा गं.
साधं औषध चालायचं नाही,
जंतूला मीच शिकवलं गं,
मीच त्याला शहाणं केलं.”

हुंदके थांबले. एका शहरी पाहुणीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. कोणी कोणाकडे बघेना. बाहेर पुरुषांमधली कुजबुजही बंद झाली, आणि मग लोकरीच्या भिंतीपलीकडून सापारचा आवाज आला, आधी खाकरून, मग हळू. “बात्मा, मला दिलेली ती पट्टी... तीसुद्धा त्यातलीच का गं?”

“त्यातलीच, सापार भाऊ,” आपा भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

 रीत मोडून कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आपाला वाटलं. शिव्या कोणी दिल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या दारात कोणी किमिझ प्यायला येणार नव्हतं, हे मात्र त्या शांततेत सगळ्यांना समजलं, आणि तिला सगळ्यांत आधी.

आपा उठली. गुडघे धरून, जमिनीला हात टेकत उठली. मारल अजून दोरी हातात घेऊन उभी होती, आपलं काही चुकलं का अशा नजरेनं. आपानं तिच्या दंडाला धरून तिला दारापाशी नेलं.

“सोनुन, मावशीकडे नव्हती ही. गोठ्यात होती.”

“ठाऊक आहे मला,” सोनुन म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तिला तपासायला हवं, हे बोलले होते, आपा.” सोनुननं खाली बघितलं. “तुम्ही ऐकेनात, म्हणून उद्या शिपायाला घेऊन येणार होते. त्याआधी ही बातमी आली.”

“नेतील का गं तिला?”

“नेतील. आधी तपासतील. लागण असेल तर बरेच महिने.”

“बरी होईल?”

सोनुन खोटं बोलणारी बाई नव्हती. “लवकर दाखवली असती तर नक्की होईल म्हणाले असते,” ती म्हणाली. “आता, बघू.” तिनं मारलचा हात हातात घेतला आणि पोरीच्या गळ्याभोवतीची शाल नीट केली.

“आपा, मी गेले तर तुंदुक कोण ओढणार?” मारलनं विचारलं.

 आपा मागे वळली, दोरीची गाठ सोडली आणि झाकण पार मागे ढकललं. वरून उजेड आला आणि त्याच्याबरोबर गारठा, थेट पडद्याच्या कडेवर, बायकांच्या डोक्यांवर. बायकांनी शाली आवळल्या. शेजारणीच्या दातांवर दात वाजत होते, पण दोरीला हात लावायला ती उठली नाही.

आपा आपल्या जागेवर जाऊन बसली, जाळीकडे तोंड केलं, आणि तोक्तोसुनचा राहिलेला शोक पुरा करायला लागली.